बाराव्या पट्टीचा निळा

अध्यक्षबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आपल्या बाई, विश्वस्त मंडळी, वाचक, लेखक, जे लेखक आहेत पण अजून घरी सांगितलेलं नाही ते, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवात एका कबुलीने करतो. हे भाषण लिहायचं मी तीन आठवडे टाळलं. पहिल्या आठवड्यात कागद मिळत नाही असं सांगितलं. ज्या संस्थेत कागदाशिवाय दुसरं काहीच मिळत नाही, तिथे असं सांगायला धाडस लागतं. दुसऱ्या आठवड्यात मी ब्रश धुतले. सगळे धुतले, आधी धुतलेले होते तेही. तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातल्या मंडळींनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि नुसतं बघायला सुरुवात केली. शेवटी आज सकाळी शिडीवरून उतरल्यावर जिन्यात बसून लिहिलं. माझ्या हातात हे जे मोठाले कागद दिसतायत ते आपल्याच जुन्या पाट्यांचे नमुने आहेत. भाषण त्यांच्या पाठीवर आहे. तेव्हा मी वाचत असताना तुम्हाला समोरून 'इथे सायकली लावू नयेत' असं दिसत असेल, तर ते कृपया मनावर घेऊ नये.

टाळण्याचं खरं कारण वेगळं आहे. बाईंबद्दल मला जे चांगलं सांगायचंय, त्याची वाट माझ्याच एका चुकीवरून जाते. ती चूक तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत नाही, कारण बाईंनी ती कुणाला सांगितली नाही. आता आज त्यांचा ही साहित्यसंस्था चालवण्याचा शेवटचा दिवस, उद्यापासून त्या निवृत्त. त्या गेल्यावर सांगितली तर ती चहाडी होईल. त्या समोर बसलेल्या असताना सांगतो, म्हणजे कुठे चुकलो तर त्या टोकतील. टोकण्याची त्यांना सवय आहे.

नव्या मंडळींसाठी, मी कोण ते सांगतो. संस्थेच्या पाट्या मी रंगवतो. पत्रांच्या कागदावर, सभासद कार्डावर, पिशवीवर जे चिन्ह आहे तेही मीच काढलं. शिक्षण फारसं नाही. शाळेने मला नववीत सोडलं, मी शाळेला सातवीतच सोडलं होतं. पायाला भिंगरी. अक्षरं काढायला शिकलो ती होड्यांच्या कारखान्यात. होडीचं नाव दोन्ही अंगांना लिहावं लागतं, आणि दोन्हीकडे ते पुढच्या टोकापासून सारख्याच अंतरावर यावं लागतं. एका बाजूला नावाची सुरुवात टोकाजवळ, दुसऱ्या बाजूला शेवट. ज्याला हे जमलं त्याला पुढे काहीही जमतं, असं माझे उस्ताद म्हणायचे. त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं, पण आयुष्यभर त्यांचं एकही नाव वाकडं गेलं नाही. ते एकदा एका होडीवर... नको. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. मुद्द्यावर येतो.

या इमारतीत मी साहित्यासाठी आलो नाही. मी स्वच्छतागृह शोधत आलो.

हसा तुम्ही. चार वर्षांपूर्वी या गावात उतरलो, गाडीत सहा तास बसून आलो होतो, समोर हे दार उघडं दिसलं. आत शिरलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, एकावरही काही लिहिलेलं नाही. मी देवाचं नाव घेऊन तिसरं दार ढकललं. आत चाळीस माणसं मांडी घालून बसलेली, आणि एक कवयित्री आपली कविता वाचत होत्या. सगळ्यांनी वळून बघितलं. एका गृहस्थांनी सरकून जागा केली. एवढ्या प्रेमाने जागा दिल्यावर, मी त्यासाठी आलो नाही, असं कसं सांगणार? बसलो. दीड तास बसलो. त्या दिवशी ऐकलेली प्रत्येक कविता मला आजही आठवते. दुःख काय असतं ते मला त्या दिवशी सगळ्या बाजूंनी कळलं.

बाहेर आल्यावर बोळात बाई भेटल्या. मी ओळखदेख नसताना त्यांना म्हणालो, तुमच्याकडे इतके लिहिणारे, आणि एका दारावर कुणाला दोन शब्द लिहिता आले नाहीत? बाईंनी आधी मला ते दार दाखवलं. परत आलो तर त्या कागद आणि पेन्सिल घेऊन उभ्या. म्हणाल्या, "बोललास ना, आता लिही."

अशी माझी नेमणूक झाली. अध्यक्षबाई, आपण डोळ्यांच्या डॉक्टर. आपल्या दवाखान्यातली पाटी खाली खाली बारीक होत जाते आणि लोक ती वाचता येत नाही म्हणून फी देतात. माझ्या धंद्यात उलटं आहे. वाचता आली नाही तर मला जबाबदार धरतात.

आता बाईंची कामाची पद्धत. तिला आम्ही 'कागदी आठवडा' म्हणतो. या घरात कुठलीही पाटी थेट रंगवायची नाही. आधी कागदावर काढायची, जिथे लागायची तिथेच आठ दिवस दोरीने टांगायची, आणि शेजारी सुतळीने एक पेन्सिल बांधायची. येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच कागदावर खाली तक्रार लिहायची. आठ दिवसांनी तक्रारी वाचायच्या, पाटी सुधारायची, मगच रंग.

मला हा पोरखेळ वाटायचा. होडीवर कोण आठ दिवस कागद टांगतो? पण पहिल्याच मोठ्या कामात बाईंनी मला गप्प केलं. वाचनालयासाठी मी एका ओळीत तीन चित्रं काढली होती. पहिल्यात माणूस कपाटातून पुस्तक घेतोय, दुसऱ्यात वाचतोय, तिसऱ्यात पेटीत परत टाकतोय. अक्षर नाही, भाषेचं भांडण नाही, मी स्वतःवर खूश. तिसऱ्या दिवशी कागदावर तक्रार आली. आपल्याकडे उजवीकडून डावीकडे वाचणारी मंडळी बरीच आहेत. त्यांनी चित्रं त्यांच्या बाजूने वाचली. त्यांच्यातल्या एका आजोबांनी फार नम्रपणे लिहिलं होतं की, पुस्तक आधी पेटीत टाकावं, मग ते वाचावं आणि शेवटी कपाटातून घ्यावं, हा नियम पाळायचा प्रयत्न केला, परंतु पेटीला कुलूप आहे. मग ती चित्रं मी एकाखाली एक काढली. वरून खाली सगळेच वाचतात.

तक्रारींच्या ढिगाकडे बघून मी एकदा फार वैतागलो होतो. बाई म्हणाल्या होत्या, "ज्याला निघून जायचंय, तो तक्रार करत नाही रे. तक्रार करणारा उद्याही येणार असतो." हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला ते लक्षात ठेवायला अडीच वर्षं लागली.

आता दाराबद्दल. तुम्ही सगळे आज ज्या दारातून आत आलात, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आहेत. आधी उजवीकडे सहा, डावीकडे सहा होत्या. प्रत्येक पट्टीवर एकेका भाषेत एवढंच लिहायचं ठरलं, 'आत या'. ही कल्पना बाईंची. सभासदांच्या नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे घरची भाषा लिहिलेली असते. ती वही घेऊन मी एक दुपार बसलो, भाषा मोजल्या, आणि सुतारदादांना बारा पट्ट्या सांगितल्या. सुतारदादांनी बारा कापल्या, घासल्या, ठोकल्या.

अक्षरं छापील घ्यायची नाहीत, असं बाईंचं म्हणणं. ज्या भाषेत माणसाने लहानपणी ओरडा खाल्लाय, त्या भाषेतलं 'आत या' त्याच्याच हाताने लिहून घे, आणि तो हात पट्टीवर उतरव. मी महिनाभर नमुने गोळा करत फिरलो. कुणी चटकन लिहिलं, कुणी लिहिताना रडलं, एका काकूंनी एकवीस वेळा लिहून शेवटी पहिलाच कागद दिला. असे अकरा नमुने आले. बारावा आलाच नाही. मी आठवडाभर वाट बघितली. मग वही पुन्हा न उघडताच म्हटलं, मोजण्यात चुकलो असेन. गणितात माझी ख्याती आहेच. उजवीकडची सगळ्यात खालची पट्टी उघडी राहिली होती. माझ्याकडे होडीच्या कारखान्यातून आणलेला निळ्या रंगाचा अर्धा डबा होता, उस्तादांनी स्वतःच्या अंदाजाने मिसळलेला. लाकूड उघडं नको राहायला म्हणून ती पट्टी मी निळी फासून टाकली. दहा मिनिटांचं काम. पुन्हा विचारही केला नाही.

पुढे संस्थेला चिन्ह हवं झालं. मी दिवा काढला. बाई म्हणाल्या, दिवा विजेच्या कचेरीला दे. मी उघडं पुस्तक काढलं, लेखणी काढली, पक्षी काढला, पुस्तकातून उडणारा पक्षीही काढला. बाई प्रत्येकाला एवढंच विचारायच्या की, हे आपलं कसं? शेवटी कंटाळून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलो आणि समोर जे दिसत होतं ते काढलं. इकडे सहा रेघा, तिकडे सहा रेघा, मध्ये मोकळी जागा. अकरा रेघा काळ्या, एक निळी. बाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. मी म्हणालो, मधली जागा म्हणजे दार. त्या म्हणाल्या, "समजावू नकोस, दिसतंय." तेच आपलं चिन्ह. तेच कार्डावर आलं, पिशवीवर आलं, आज तुम्हाला मिळालेल्या पत्रिकेवरही आहे.

हे सगळं मी का सांगतोय? बुधवारच्या आजींमुळे.

जुन्या मंडळींना त्या आठवत असतील. नव्यांसाठी सांगतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्त करायचं एक दुकान आहे. तिथे आजी शिवणयंत्रावर बसतात आणि त्यांच्या सूनबाई गिऱ्हाईक बघतात. आजी दर बुधवारी संध्याकाळच्या बैठकीत गोष्ट सांगायच्या, त्यांच्या भाषेत. ती भाषा या गावात त्यांच्या घराखेरीज कुणी बोलत नाही. आजी दोन वाक्यं सांगणार, मग सूनबाई ती आपल्याला समजेल अशी सांगणार. कधी आजी पाच मिनिटं बोलायच्या, सगळे हात हलवून, डोळे मोठे करून, आणि सूनबाई म्हणायच्या, "राजा घरी आला." आपण सगळे हसलो की आजी सुनेकडे अशा बघायच्या की पुढची गोष्ट त्या नजरेतच असायची. सूनबाई म्हणायच्या, तुम्हाला काय, घरी जाऊन मलाच ऐकायचंय.

आजी आत येताना त्या निळ्या पट्टीपाशी थांबायच्या. ती बरोबर हाताच्या उंचीवर होती. बाहीने पुसायच्या आणि आत यायच्या. मी कितीदा बघितलं. मला वाटायचं, स्वच्छतेची आवड असेल. एकदा चार बायकांना घेऊन आल्या होत्या, पट्टी दाखवून काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, रंगाचं कौतुक चाललंय. मी शिडीवरून मान झुकवून आभारही मानले.

मागच्या वर्षी आपल्याकडे बसवाले कवी आले. आगारातले चालक आणि वाहक, वीसेक जण, आणि लिहितात काय! त्यांची भाषा आपल्या दारावर नव्हती. त्यांनी पट्टी मागितली, आणि त्यांनी मागणं अगदी बरोबर होतं. कार्यालयाने मला विचारलं, एखादी रिकामी आहे का? मी म्हणालो, आहे की.

बाई तेव्हा महिनाभर नव्हत्या, बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या होत्या. कागदी आठवडा करायला हवा होता. पण चार वाजता समुद्राकडे जाणारा एक मालट्रक निघणार होता, त्याच्या चालकाने मला जागा कबूल केली होती, आणि माझे पाय आठ दिवसांपासून खाजत होते. म्हटलं, 'आत या' तर लिहायचंय, त्यात कोण काय तक्रार करणार? दुपारी दोनला निळ्यावर पांढरा हात मारला, वर काळी अक्षरं काढली, साडेतीनला ब्रश धुतले आणि चारला ट्रकमध्ये बसलो. बाई परतल्या तेव्हा पट्टी भरलेली होती आणि मी नव्हतो. त्यांना वाटलं, कागद लावून झाला असेल.

तीन महिने भटकून आलो. पहिल्या बुधवारी बैठकीत बसलो तर आजी नाहीत. दुसऱ्या बुधवारीही नाहीत. बाई म्हणाल्या, बरेच दिवस आल्या नाहीत, दोनदा निरोप पाठवला, सूनबाई म्हणतात काम फार आहे. आपण सगळ्यांनी ते मान्य केलं. शहाण्या माणसांना काम फार असतंच.

मग माझ्या पँटचा खिसा फाटला. मी त्या दुकानात गेलो.

आजी यंत्रावर होत्या. मला बघून यंत्र थांबलं नाही. सूनबाईंनी पँट घेतली, आजींपुढे ठेवली. पँट निळी होती. सूनबाईंनी निळ्या दोऱ्याचं रीळ पुढे केलं, आजींनी मान हलवली. दुसरं केलं, पुन्हा मान हलवली. मला सगळी रिळं सारखीच दिसत होती, आणि मी रंगाच्या कामातला माणूस. सहावं रीळ घेतलं आणि खिसा असा शिवला की कुठे फाटला होता ते मला आजही दाखवता येणार नाही.

मी म्हणालो, आजी, बुधवारी येत नाही तुम्ही?  सूनबाईंनी गल्ल्यातून त्यांचं सभासद कार्ड काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि चिन्हातल्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "इथे आहे. दारावर का नाही?"

मला कळेना. मी विचारलं, काय नाही?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या भाषेला लिपी नाही. लिहायचं म्हटलं तरी लिहिणार काय? सभासद होताना आजींनी बाईंना विचारलं होतं, आमची भाषा वहीत घालाल का? बाईंनी समोर बसून घातली होती. मग दारावर पट्ट्या लागल्या. अकरांवर अक्षरं, एक नुसती निळी. आजींना वाटलं, या लोकांनी किती विचार केला. ज्याला अक्षर नाही त्यालाही जागा ठेवली. न लिहिता 'आत या' म्हटलं. शेजारच्या बायकांना आणून दाखवली. आणि मग एके बुधवारी आल्या, बाही वर केली, तर पट्टीवर दुसऱ्याच कुणाची अक्षरं.

आजींनी यंत्र थांबवलं. त्या दिवशी त्या माझ्याशी इथल्या भाषेत, तुटक तुटक, एवढंच बोलल्या, "जागा कमी पडली असेल तुम्हाला. पडते. आम्ही कितीक गावं बघितली."

आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मी हात जोडून मोकळा झालो असतो. त्यांनी पँटची घडी घातली आणि दुसरं काम पुढे ओढलं.

मी तिथून तडक बाईंकडे आलो. सगळं सांगितलं, ट्रकसकट. मला वाटलं, आता आपलं सामान बांधायला लागणार. सामान म्हणजे एक पिशवी, ती बांधलेलीच असते.  बाईंनी उठून कपाटातून ती नोंदवही काढली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, मोज. मी मोजल्या. बसवाल्यांची मागाहून आलेली सोडली तर भाषा बारा. आजींची बारावी, बाईंच्या स्वतःच्या अक्षरात.

"तू मोजण्यात चुकला नव्हतास," बाई म्हणाल्या. "पट्टी त्यांचीच होती. आणि मी ही वही रोज उघडते. मला वाटलं, तुला निळा आवडतो."

मग वही मिटून म्हणाल्या, कागद लावला असतास तरी काय झालं असतं? त्यांनी काय लिहिलं असतं? "तक्रार करायला पेन्सिल लागते, असा नियम मी केला. सव्वीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही, की ज्याला लिहिता येत नाही त्याचा आवाज मी दाराबाहेरच ठेवलाय."

मंडळी, चूक माझी होती. दिवसाढवळ्या, दोन ते साडेतीनच्या दरम्यान, माझ्या हाताने झालेली. त्यातली अर्धी बाईंनी उचलून आपल्या अंगावर घेतली, आणि तेही कुणी बघत नसताना, बंद खोलीत, एका भटक्या पाटीवाल्यासमोर. मी बरीच गावं पाहिली. चूक दुसऱ्याच्या अंगावर झटकणारे तर चौकाचौकात भेटतात. वाटून घेणारं माणूस मला एकच भेटलं.

पुढचं तुम्ही थोडंफार पाहिलंय, फक्त कारण तुम्हाला माहीत नव्हतं. बसवाले कवी म्हणाले, आमची पट्टी काढा, आम्हाला ठाऊक असतं तर मागितलीच नसती. बाई म्हणाल्या, कुणाला काढून कुणाला बसवायचं नाही, ते बसमध्येही चालत नाही. मग तेरावी पट्टी. सुतारदादा म्हणाले, त्या जातीचं जुनं लाकूड आता मिळत नाही, नवं लावलं तर ठिगळ दिसेल. आणि एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सात, दार लंगडं दिसेल. बाई म्हणाल्या, लंगडं दिसू दे. आणि लाकडासाठी आपल्या खोलीच्या दारावरची स्वतःच्या नावाची पाटी काढून दिली. त्याच झाडाची होती. सुतारदादा हात लावेनात. बाई म्हणाल्या, "अहो, बुधवारी निघणारच आहे ती. आठ दिवस आधी निघाली, एवढंच."

तर त्या खोलीबाहेर गेला आठवडाभर पाटी का नव्हती आणि बाईंना भेटायला आलेले तीन पाहुणे चुकून भांडारात का शिरले, त्याचं कारण हे.

आणि कागदी आठवडा? तोही झाला. डावीकडे खाली, हाताच्या उंचीवर, मी निळा रंगवलेला कागद टांगला. पेन्सिल बांधायला गेलो तर बाईंनी सुतळी काढून घेतली. खुर्ची आणली आणि स्वतः कागदाखाली बसल्या. निवृत्तीला आठ दिवस राहिलेली बाई, रोज संध्याकाळी, येणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने विचारत होती, हे कसं वाटतं? कुणी विचारलं, लिहायचं राहिलं का? बाई त्यांना आजींची गोष्ट सांगायच्या, माझी चूक वगळून. एका कवींनी निळ्या रंगावर पाऊण तास मत दिलं. बाईंनी ते पूर्ण ऐकलं. यापरतं मोठेपण ते काय असतं?

काल आठवडा संपला. आज सकाळी मी पट्टी रंगवली आणि सुतारदादांनी ठोकली. परवा मी आजींच्या दुकानात जाऊन आलो. सगळं सांगितलं, वहीपासून खुर्चीपर्यंत. म्हटलं, बुधवार आहे, बाईंचा शेवटचा दिवस आहे, या. आजींनी यंत्र थांबवलं नाही. "बघते" म्हणाल्या. सूनबाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, वाट बघू नका, यांचं 'बघते' म्हणजे काय ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

पहिल्या रांगेत आजींसाठी ठेवलेली खुर्ची अजून रिकामी आहे. बाईंनी मघापासून तीनदा तिकडे बघितलं. बाई, मीही बघितलं. आल्या नाहीत तर त्यांचा तो हक्क आहे. पट्टी तिथे राहील.

आता आवरतो. बाई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला शाळेने शिकवलं नाही, मी लवकर निघालो. मला दार दाखवलंत, म्हणजे ते पहिलं, तातडीचं, आणि नंतरचं हे. घाई करणाऱ्या माणसाला आठ दिवस थांबायला लावलंत. माझ्याहून वाकड्या हाताची अक्षरं मला सरळ न करता जशीच्या तशी उतरवायला शिकवलंत. सुतारदादांचे आभार, त्यांनी माझ्या प्रत्येक मापाला शिव्या दिल्या आणि प्रत्येक माप बरोबर करून दिलं. बसवाल्या कवींचे आभार. ज्यांनी कागदांवर तक्रारी लिहिल्या त्या सगळ्यांचे आभार, त्या आजोबांचे विशेष. अध्यक्षबाईंनी मला दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते त्यांनी मोठ्या मनाने बघितलं नाही, त्याबद्दल त्यांचेही. माझं उद्या सकाळचं तिकीट आहे, पाय पुन्हा खाजतायत. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाची चेष्टा जास्त झाली असेल, तर पदरात घ्या. आणि कुणाला तक्रार असेल तर... असो, पद्धत तुम्हाला माहीत आहे.

एक मिनिट. सुतारदादा दारातून हात करतायत. काय झालं, पट्टी पडली का? मोठ्याने सांगा, सगळे आपलेच आहेत.

कोण?

बाई, तुम्ही बसा. सांगून उपयोग नाही, त्या उठल्याच. मंडळी, जरा वाट द्या त्यांना.

मागे ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आजी आल्यात. सूनबाई बरोबर आहेत. बाहेर पट्टीपाशी उभ्या आहेत आणि आत यायला तयार नाहीत. सुतारदादा म्हणतायत, आजींचं म्हणणं आहे की हा निळा तो नाही. आधीचा गडद होता. हा फिका आहे, चालणार नाही, बदला.

तक्रार आली, बाई.

म्हणजे पुन्हा कागद. पुन्हा आठ दिवस. माझं तिकीट कुणाला हवं असेल तर बघा, खिडकीजवळची जागा आहे. आणि कुणीतरी एक खुर्ची दाराबाहेर न्या. या वेळी कागदाखाली मी बसतो.